दाखल नोंदवहीपासून महाजालापर्यंत : ग्रंथपालाचे शिकणे

शाळांच्या इतिहासात संस्थापकांची, मुख्याध्यापकांची आणि गुणवत्ता यादीत आलेल्या विद्यार्थ्यांची नावे सन्मानाने येतात. ग्रंथपालाचे नाव आलेच तर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या यादीत, आणि चेहरा दिसलाच तर समूह-छायाचित्राच्या मागच्या रांगेत. वास्तविक, गेल्या साठ वर्षांत आपला व्यवसाय मुळापासून पुन्हा पुन्हा शिकण्याची वेळ शाळेतील ज्या एका माणसावर आली, तो ग्रंथपाल होय. गणिताच्या शिक्षकाचा पायथागोरस बदलला नाही. मराठीच्या शिक्षकाची वृत्ते आणि अलंकार तेच राहिले. ग्रंथपालाची मात्र लेखणी बदलली, तालिका बदलली, कपाट बदलले आणि शेवटी पुस्तक कशाला म्हणावे हेही बदलले. बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळेच्या ग्रंथपालाला तर ही विद्या दोनदा शिकावी लागली : एकदा ती जशी आली तशी, आणि पुन्हा एकदा मराठीत.

या शिकण्याचा भारतातील आरंभ बडोद्यात झाला, हे बडोदेकर मराठी वाचकांना सांगायला नको. पण नव्या पिढीला ते ठाऊक असतेच असे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर माणसाच्या हाती पुस्तक पडले नाही, तर शिकलेले अक्षर चार-दोन वर्षांत पुसले जाते, हा व्यवहार महाराजांनी नेमका ओळखला होता. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम ॲलनसन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. महाराजांच्या खासगी संग्रहातील ग्रंथांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला वर्ग मानला जातो. पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठविणारी फिरती ग्रंथालये निघाली. ‘लायब्ररी मिसेलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत मजकूर देऊ लागले. ग्रंथपालनाची विद्या या देशात पाऊल टाकत असतानाच मराठीतून बोलू लागली होती, ही गोष्ट पुढच्या साऱ्या हकिकतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या खात्याची एक शाखा खेड्यांतील निरक्षरांना चित्रे आणि चलच्चित्रे दाखवीत असे. म्हणजे ग्रंथालय-खात्यातील माणसांना पुस्तकांबरोबर चित्रपटाचे यंत्र हाताळणेही शिकावे लागले. ग्रंथपालाने पडद्याशी संबंध ठेवावा की नाही, असा वाद अलीकडे कुठे ऐकू आला, तर त्याचे उत्तर या शहराने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

बोर्डन हे मेल्विल ड्यूई यांनी काढलेल्या शाळेत शिकवून आले होते. ती शाळा न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ५ जानेवारी १८८७ रोजी सुरू झाली. पहिल्या वर्गात वीस विद्यार्थी होते आणि त्यांपैकी सतरा स्त्रिया. महाविद्यालयाच्या विश्वस्तांना स्त्रियांचा प्रवेश मान्य नव्हता, म्हणून इमारतीत खोली मिळाली नाही. वर्ग भरविण्यासाठी एक अडगळीची खोली साफसूफ करून घ्यावी लागली. दोनच वर्षांत शाळा तेथून हलवून ऑल्बनी येथे न्यावी लागली. त्या शाळेत वर्गीकरण आणि तालिका यांच्याबरोबर आणखी एक तंत्र घटवून घेतले जाई, ते म्हणजे हस्ताक्षर! तालिकापत्र कोणीही लिहिले तरी एकाच हातचे वाटावे, वाचकाला अडखळावे लागू नये, यासाठी गोलसर, सरळ, कसलीही लकब नसलेले ‘ग्रंथालयी अक्षर’ ठरविण्यात आले होते. उमेदवार तासन् तास ते गिरवीत. मग टंकलेखन यंत्र आले आणि ती सारी मेहनत काही वर्षांत निरुपयोगी ठरली. आज नवे सॉफ्टवेअर आले की ‘आत्ताच तर जुने शिकलो होतो’ म्हणून जो ग्रंथपाल हताश होतो, त्याचे पूर्वज शंभरेक वर्षांपूर्वी हेच म्हणत असणार.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांची कथाही या बाबतीत बोलकी आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारा हा प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि पहिल्या काही दिवसांतच त्या शुकशुकाटाला कंटाळून परत आपल्या वर्गावर जाऊ द्या म्हणू लागला. आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी शिक्षकाचा विद्यार्थी झाला. लंडनमधील एका दुकानात मुलांचा मेकॅनोचा खेळ त्यांनी पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की निराळे खेळणे. या निरीक्षणातून द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना स्फुरली आणि १९३३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परत जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

या थोरामोठ्यांच्या कथांपासून शाळेच्या ग्रंथालयापर्यंत यायचे म्हणजे बरेच खाली उतरावे लागते. माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात शालेय ग्रंथालयांचे जे चित्र काढले, ते अजिबात शोभादायक नव्हते. जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली पुस्तके, कुलूपबंद कपाटे, आणि त्यांची किल्ली सांभाळणारा एखादा कारकून किंवा उरलेल्या वेळात ते काम पाहणारा शिक्षक. साठ वर्षांपूर्वी सुरू झालेल्या बहुतेक मराठी शाळांची ग्रंथालये याच स्थितीतून पुढे आली.

माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीतले ग्रंथालय ते हेच. काचेच्या दारांची दोन-तीन कपाटे, पुठ्ठ्याचे बांधणीकाम केलेली पुस्तके, शेवटच्या पानावर चिकटविलेली तारखांची चिठ्ठी, आणि टेबलावर लाल कापडी पाठीची दाखल नोंदवही. दिनांक, दाखल क्रमांक, ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, पृष्ठे, किंमत आणि अखेरचा रकाना ‘शेरा’. सगळा इतिहास त्या शेऱ्यात. ‘वाळवीने खाल्ले’, ‘विद्यार्थ्याकडून हरवले, किंमत वसूल’, ‘मुखपृष्ठ नाही’. ही वही बाळबोध देवनागरीत, शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिलेली असे. पुढे जे काही आले ते अधिक वेगवान होते, परंतु मराठी ग्रंथाची नोंद मराठीत असणे ही गोष्ट या वहीने जेवढी सहज सांभाळली, तेवढी पुढची कित्येक वर्षे कोणत्याही यंत्राला जमली नाही.

संगणक प्रथम मोठ्या ग्रंथालयांत आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी १९६० च्या दशकात संगणकाला वाचता येईल अशी ग्रंथनोंदीची पद्धत घडविली. ‘मार्क’ या नावाने ती जगभर पसरली. ॲव्हरम या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या. ग्रंथालयशास्त्र त्यांनी कामातून शिकून घेतले. भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनेस्कोने विनामूल्य उपलब्ध केलेली ‘सीडीएस-आयसिस’ ही प्रणाली अनेक ग्रंथपालांनी शिकून घेतली. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘इन्फ्लिबनेट’ हा उपक्रम अहमदाबादेत सुरू झाला आणि त्यातून पुढे ‘सोल’ ही ग्रंथालय-प्रणाली निघाली. शाळांपर्यंत हे सारे पोहोचायला आणखी बराच काळ गेला. पोहोचले तेव्हाही संगणक प्रथम कार्यालयात बसला, नंतर संगणक-कक्षात, आणि ग्रंथालयात सर्वांत शेवटी.

तो आला तेव्हा मराठी शाळेतील ग्रंथपालापुढे जो प्रश्न उभा राहिला, त्याची कल्पना इंग्रजी शाळेतील ग्रंथपालाला येणार नाही. आरंभीच्या प्रणालींना रोमन लिपीच तेवढी कळत असे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची नोंद करायची तर ‘श्य’ कसा लिहावा? कोणी ‘एस-एच-वाय’ लिही, कोणी ‘एस-वाय’. ‘म’ आणि ‘ची’ यांच्यामध्ये एक ‘ए’ द्यावा की नाही? ‘आई’ला दोन ‘ए’ की एक? एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन वर्षांत आल्या आणि तिघांनी नोंदविल्या, तर संगणकाच्या लेखी ती तीन निरनिराळी पुस्तके झाली. शोधणाऱ्या मुलाने चौथ्या पद्धतीने नाव टाकले की पडद्यावर उत्तर येई : असे पुस्तक नाही. पुस्तक समोरच्या कपाटात!

जेथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच दुसरी भाषा सुरू होते, त्या गावात ही साधी गैरसोय राहत नाही. पुण्यातल्या मुलाला एका ठिकाणी मराठी पुस्तक सापडले नाही तर दहा ठिकाणी सापडते. महाराष्ट्राबाहेरच्या मुलासाठी शाळेचे कपाट हेच बहुतेक वेळा मराठी ग्रंथांचे एकमेव दार असते, आणि तालिकेने ‘नाही’ म्हटले की ते दार बंद होते.

देवनागरी टंक आले तेव्हा अडचण सुटल्यासारखी वाटली. परंतु प्रत्येक टंकाचे अंतर्गत संकेत निराळे होते. एका संगणकावर नीट दिसणारी यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की खुणा, कंस आणि विसर्गांची नुसती खिचडी दिसे. यंत्र बदलले, टंक हरवला आणि श्रमाने टंकित केलेल्या याद्या कायमच्या गेल्या, हा अनुभव त्या काळातील अनेक कार्यालयांनी घेतला आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा राष्ट्रीय मानक संकेत १९९१ मध्ये मान्य झाला होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्याच आधीच्या मसुद्यावरून घेतलेली होती. पण ती रोजच्या वापरातल्या संगणकांवर रुजायला पुढचे दशक उलटावे लागले. मराठीचे म्हणून खास काही प्रश्न तर त्यानंतरही उरले. त्यांतल्या एकाकडे शेवटी यावे लागेल.

दरम्यान महाजाल आले. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट मिळू लागले. त्याआधीच, १९९२ मध्ये, जीन आर्मर पॉली या न्यूयॉर्क राज्यातील ग्रंथपाल बाईंनी आपल्या व्यवसायबंधूंसाठी इंटरनेटची ओळख करून देणारा लेख लिहिला आणि त्याला लाटांवरून घसरत जाण्याच्या खेळाचे नाव दिले. आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘सर्फिंग’ हा शब्द त्या लेखामुळे रूढ झाला. ग्रंथपाल नव्या तंत्राच्या मागे फरफटत जातो, अशी जी समजूत आहे ती निदान येथे तरी खरी ठरत नाही.

खरा प्रश्न शिकण्याच्या पद्धतीचा होता. प्रशिक्षण म्हणजे एक दिवसाची कार्यशाळा, एक तज्ज्ञ, चाळीस श्रोते, चहा आणि प्रमाणपत्र, ही पद्धत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. तज्ज्ञ भराभर कळा दाबतो, श्रोते वहीत उतरवून घेतात आणि शाळेत परतल्यावर पहिल्याच कळीपाशी अडतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ च्या ऑगस्टमध्ये वेगळा मार्ग काढला. वापरणाऱ्यानेच मजकूर घालावा, चित्रे चढवावीत, चर्चा करावी अशी नवी संकेतस्थळे तेव्हा झपाट्याने येत होती आणि ग्रंथालयातील मुलांना त्यांची माहिती ग्रंथपालांपेक्षा अधिक होती. हेलीन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी नऊ आठवड्यांत करावयाच्या तेवीस छोट्या कृती आखल्या. वर्ग नाही, व्याख्यान नाही. एखादे छायाचित्र जाळ्यावर चढवा. आपल्या आवडीच्या पाच-दहा पुस्तकांची यादी तेथे मांडा. अनेकांनी मिळून लिहावयाच्या पानावर चार ओळी घाला. ध्वनिफीत शोधून ऐका. आणि प्रत्येक कृतीनंतर काय जमले, काय फसले ते सर्वांना दिसेल असे लिहा. अडल्यास शेजाऱ्याला विचारा. तेवीसही कृती पूर्ण करणाऱ्यास गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र बक्षीस. कामाच्या वेळेत खेळायला परवानगी होती, हे महत्त्वाचे.

तो आराखडा कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवल्यामुळे जगभरातील असंख्य ग्रंथालयांनी उचलला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने तो शाळांसाठी रूपांतरित केला. शालेय ग्रंथपालाची स्थिती सार्वजनिक ग्रंथपालाहून निराळी असते. तो शाळेत एकटाच असतो. विचारायला शेजारी नसतो. शेजारी असतात ती आठवी-नववीची मुले, आणि ती त्याच्याहून पुढे असतात. पन्नाशीच्या बाईंनी तेरा वर्षांच्या मुलाला ‘हे कसे रे करायचे?’ असे विचारणे आपल्या शाळांच्या रीतीत सहज बसत नाही. ज्या शाळांत ते घडले त्या शाळांची ग्रंथालये पुढे गेली, हे मात्र पाहिलेल्यांना मान्य करावे लागते. मुलाला बटण ठाऊक असते. जे पान उघडले ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याला आधार काय, हे त्याला ठाऊक नसते. ते ग्रंथपालाला ठाऊक असते. एकाच टेबलापाशी दोघांनी एकमेकांना शिकविण्याचे प्रसंग शाळेत एरवी क्वचितच येतात.

न्यूझीलंडमधील होरोवेनुआ या छोट्या ग्रंथालय-न्यासाचे उदाहरणही शाळांना जवळचे वाटावे असे आहे. इसवी सन २००० उजाडताच आपली जुनी प्रणाली बंद पडेल या धास्तीने त्यांनी नवी करवून घेतली, ती ३ जानेवारी २००० रोजी सुरू केली आणि सर्वांसाठी विनामूल्य खुली करून टाकली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटवस्तू. आज भारतातील अनेक ग्रंथालये तीच वापरतात. तिच्यात मराठी नोंद देवनागरीतून करता येते, आणि ‘मार्क’ पद्धतीत मूळ लिपीतील नावासाठी ८८० क्रमांकाचा स्वतंत्र रकाना राखलेला आहे. परवान्यासाठी पैसे नसलेल्या शाळेलाही त्यामुळे अडायचे कारण राहिले नाही. वेळ मात्र लागतो, आणि वेळापत्रकात ग्रंथपालाला शिकण्याचा तास अजूनही कोणी दिलेला नाही. रजेवरच्या शिक्षकाच्या बदली तासाला वर्गावर जाणे हे त्याचे काम मात्र सर्वांच्या लक्षात असते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि कपाटांना कुलूप लागले. तेव्हा मुलांपर्यंत पुस्तक पोहोचविण्याचा एकच मार्ग उरला. खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्येच देशाला अर्पण झाले होते. मराठी विश्वकोशाचे खंड जाळ्यावर होते. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाने शोधण्याजोग्या रूपात ठेवलेला होता. त्याच दिवसांत पालकांच्या भ्रमणध्वनी-गटांवर मराठी कादंबऱ्यांच्या छायाप्रतीही फिरू लागल्या, आणि ग्रंथपालाला आणखी एक विषय शिकावा लागला, तो कायद्याचा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांना मोकळे आहे. हयात लेखकाची कादंबरी मोकळी नाही. एका पालकाने प्रेमाने पाठविलेली छायाप्रत गटावरून काढून टाकायला सांगणे हे अवघड काम होते, आणि ते करणाऱ्यांना धन्यवाद फारसे मिळाले नाहीत.

आता उरलेला तो मराठीचा प्रश्न. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘ॲ’ मराठीला लागतो, हिंदीला सहसा लागत नाही. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोपर्यंत, आणि सवयीने नंतरही, लोक त्याच्या जागी ‘ए’वर चंद्र असलेला ‘ऍ’ टंकित करीत राहिले. वाचणाऱ्या माणसाला दोन्हींत फरक वाटत नाही. संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे आहेत. त्यामुळे ‘ॲनी बेझंट’ शोधणाऱ्या मुलाला ‘ऍनी बेझंट’ या नावाने नोंदविलेले चरित्र दिसत नाही, आणि ‘ॲरिस्टॉटल’चे दोन ग्रंथ दोन ठिकाणी विखुरतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’, एका शब्दात दोन प्रकारे साधलेले अर्धे ‘र’, यांचीही तीच गत. यावर तयार उपाय बाजारात मिळत नाही. लाल पाठीची जुनी दाखल नोंदवही शेजारी उघडून ठेवायची, एकेक ग्रंथनाम तिच्याशी पडताळायचे, चुकीचे अक्षर खोडून बरोबर टंकित करायचे, पुढच्या नोंदीकडे जायचे. परीक्षा संपून निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत, वर्ग रिकामे असताना, मराठी शाळांचे ग्रंथपाल हे काम करीत बसलेले असतात. दिवसाला शंभर नोंदी झाल्या तर पुष्कळ झाल्या.